गॅस भरण्याआधी दोन्ही काटे बघा



उसाच्या जोडीला द्राक्षे, भाजीपाला, दूध असा जोडधंदा आपल्यापैकी अनेकजण करतात. काहींनी कर्ज काढून शीतगाडीही घेतली आहे. गाडी गार करीना, की पहिला सल्ला मिळतो, "गॅस कमी झालाय, भरून घ्या." दरवेळी हे खरे नसते. निदान चुकले तर पैसा जातो, कॉम्प्रेसर जातो आणि भरलेला मालही जातो. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

कॉम्प्रेसर म्हणजे आपला विहिरीवरचा पंपच समजा. त्यालाही एक ओढणारी बाजू (सक्शन) आणि एक ढकलणारी बाजू (डिस्चार्ज) असते. मेकॅनिक निळे गेज सक्शनला व तांबडे डिस्चार्जला लावतो. एकट्या काट्यावर विसंबू नये, दोन्ही मिळून वाचावेत.

१) दोन्ही दाब कमी : गॅस कमी असू शकेल. पण गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. जोडावर तेलकट डाग दिसतो का पाहा, साबणाचा फेस लावा. गळती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे. ड्रायर तुंबला तरी काटे असेच दिसतात. ड्रायरनंतरची नळी आधीच्या नळीपेक्षा स्पष्ट गार लागली, तर ड्रायर तुंबला आहे. तिथे गॅस भरून उपयोग नाही.

२) डिस्चार्ज जास्त : कंडेन्सरच्या जाळीत धूळ-पाचट बसलेले, पंख्याचा पट्टा सैल, गॅस जादा भरलेला किंवा आत हवा शिरलेली. आधी जाळी धुवा. पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते.

३) दोन्ही जास्त : उन्हातून आणलेला माल तसाच भरला असेल. शीतगाडी गार माल गार ठेवण्यासाठी असते. द्राक्षे आधी प्रीकूलिंगमध्ये गार करूनच भरावीत.

४) सक्शन जास्त, डिस्चार्ज कमी : कॉम्प्रेसरच्या झडपा झिजल्याचा संशय घ्यावा.

आणखी एक खूण. आर-४०४ए गॅसचे युनिट बराच वेळ बंद राहून सगळीकडे ३० अंश सेल्सिअसवर आले, की दोन्ही काटे सुमारे १९० पौंडांवर येतात. त्याहून बरेच जास्त दाखवले तर आत हवा आहे. मात्र काटा बरोबर आला म्हणून गॅस पुरेसा आहे, असे धरू नये.

जाळी, पट्टा, साबणाचा फेस एवढे आपण करावे. नळ्या उघडण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचेच. हा गॅस मिश्रणाचा असल्याने तो द्रवरूपातच आणि वजन करून भरायला सांगा. गळती तपासायला नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो!

प्रत्येक खेपेला दोन्ही काट्यांचे आकडे वहीत टिपून ठेवावेत, ही विनंती. बिघाड झाला, की ती वहीच आधी मेकॅनिकपुढे ठेवा.