गोष्ट सुचली, ती आपली कशी राहील?

लातूर म्हटलं की नीट, जेईई. पण शिकवणीच्या वहीत मागच्या पानांवर पटकथा लिहिणारी, आरशासमोर संवाद म्हणणारी पोरंही इथलीच. ‘सैराट’नंतर (२०१६) गावाकडच्या बोलीचं ओझं वाटेनासं झालं, हे बरंच झालं. मात्र लातूर-मुंबई एक्स्प्रेस पकडण्याआधी एवढं समजून घ्या : नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहून काढलेल्या मजकुराला असतो. तो आपोआप मिळतो; वाद झाला तर मात्र पुरावा लागतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन संहिता ऑनलाइन नोंदवता येते. २०१२च्या कायदादुरुस्तीनं लेखकाचा रॉयल्टीचा हक्कही बळकट केला. ‘आधी गोष्ट तर ऐकव’ म्हणणाऱ्याला जरूर ऐकवा, पण नोंदवून. आणि त्याच रात्री तिचा सारांश त्याला मेल करा.