पेटीतलं बाळ

अकराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम शंभर मिली. तपासणीला एक मिली काढलं, तर शंभरावा हिस्सा गेला. त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागातली मुरलेली सिस्टर डॉक्टरांनाही बिनदिक्कत विचारते, ‘‘सर, हे आत्ताच काढायचंय? संध्याकाळच्या सॅम्पलबरोबर नाही चालणार?’’

बाहेरच्या बाकावर नातेवाईक फोनवर सांगत असतात, ‘बाळ पेटीत ठेवलंय.’ सगळं काही ती पेटीच करते, असा त्यांचा समज असतो. पेटी ऊब देते, ओलावा राखते. तिचं काम तिथंच संपतं. 1880 च्या सुमारास पॅरिसच्या स्तेफान तार्निए यांना ती सुचली, तीही कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. त्या कातडीतून पाणी उडून जातं आणि पाण्याबरोबर ऊबही. पेटीची खिडकी उघडली की आतली हवा बाहेर आलीच. म्हणून इथलं निम्मं कौशल्य हात न लावण्यात आहे. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन सिस्टर एकदाच आत हात घालते आणि सगळं उरकून घेते: ताप बघणं, कूस बदलणं, तोंड पुसणं, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा सॅच्युरेशनचा प्रोब दुसऱ्या पायाला लावणं. चिकटपट्टी ओढून काढत नाहीत, भिजवून सोडवतात. नाहीतर तिच्याबरोबर कातडीही येते. ओला डायपर टाकण्याआधी काट्यावर जातो. कोऱ्याचं वजन वजा केलं, की जितके ग्रॅम उरले तितके मिली लघवी.

मग अलार्म वाजतो. नवी सिस्टर मॉनिटरकडे पाहते, जुनी बाळाकडे. पुष्कळदा प्रोबच सुटलेला असतो. पण कधी छाती खरंच थांबलेली असते, ओठ निळसर पडू लागलेले असतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असल्यामुळे ही बाळं श्वास घ्यायला चक्क विसरतात. सिस्टर तळपायावर बोटानं टिचकी मारते. बाळ दचकतं, श्वास पुन्हा सुरू होतो. लगेच कागदावर नोंद: किती सेकंद, रंग कसा होता, आपोआप आला की टिचकी लागली. हा विसराळूपणा कमी करायला दिलं जाणारं औषध म्हणजे कॅफिन. हो, कॉफीतलंच.

दूध पाजणं हा सर्वांत संथ कार्यक्रम. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी. आधी सिरिंजनं हलकेच ओढून मागचं दूध पचलंय का ते बघायचं. हिरवं काही आलं तर फीड थांबवून डॉक्टरांना हाक. सगळं ठीक असेल तर सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नुसती नळकांडी उंच धरायची, आणि आईचं पिळून आणलेलं दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. सुरुवातीला दोन मिली, म्हणजे अर्धा चमचाही नाही. दट्ट्यानं ढकललं तर काही सेकंदांत संपेल. पण ढकलायचं नसतं. दोन तासांनी पुन्हा तेच.

आईला दूध उतरलंच नाही तर? मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती याचसाठी.

पेटीला तोडीस तोड पर्याय 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात निघाला, तिथं पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आईच्या उघड्या छातीवर बाळ उभं ठेवायचं, वरून कापड बांधायचं. आपल्याकडच्या सिस्टर त्याला नुसतं ‘कांगारू देणं’ म्हणतात. पहिल्या वेळी आयांचे हात थरथरतात. ‘‘अगं, घाबरतेस काय? मोडत नाही ते,’’ असं म्हणत सिस्टर बाळाची मान एका बाजूला वळवून देते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू दिल्यावर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईची खाट विभागातच हवी. आपल्या कितीतरी रुग्णालयांत आई अजूनही ठरल्या वेळेपुरतीच आत येते, हे मात्र समजण्यापलीकडचं आहे.

ऑक्सिजनची गोष्ट उलटी. मॉनिटरवर सॅच्युरेशन शंभर दिसलं की नातेवाईक खूश, पण बाळ ऑक्सिजनवर असेल तर सिस्टर तो कमी करायला धावते. नव्वद ते पंच्याण्णव पुरे. जादा ऑक्सिजननं डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. विसाव्या शतकाच्या मध्यात मोकळ्या हातानं दिलेल्या ऑक्सिजनपायी हजारो बाळं आंधळी झाली.

हे नुकसान बाहेरून दिसत नाही. म्हणून दोन किलोच्या आतल्या बाळांचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वजन वाढलं, बाळ चोखायला लागलं, की घरची मंडळी पेढे वाटून निघायच्या घाईत असतात. सिस्टर डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लाल पेनानं गोल करते, बापाला ती मोठ्यानं वाचायला लावते आणि घरातल्या आणखी एकाचा फोन नंबर लिहून घेते.