जित प्रांतांची निष्ठा : एका संगणकीय युद्धक्रीडेतील सुव्यवस्थेचे गणित

प्रदेश जिंकणे सोपे, पण जिंकलेला प्रदेश राखणे अवघड, हा राजनीतीतील जुना अनुभव आहे. मध्ययुगीन युरोपवर आधारलेल्या संगणकीय युद्धक्रीडांतही हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. क्रीडा म्हटली की तिला नियम हवेत, आणि संगणकाला समजावयाचे तर ते नियम अंकांत मांडले पाहिजेत. प्रजेची निष्ठा अंकांत मांडली जाते तेव्हा तिच्यातील काय शिल्लक राहते व काय गळून पडते, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक ठरेल.

'क्रिएटिव्ह असेंब्ली' या ब्रिटिश संस्थेने २००६ साली तयार केलेली 'मिडीव्हल टू : टोटल वॉर' ही क्रीडा उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या मुख्य मोहिमेचा काळ १०८० ते १५३० असा असून प्रत्येक फेरी दोन वर्षांची मानली आहे. प्रत्येक नगराच्या सुव्यवस्थेचे मान शेकडेवारीत दाखविले जाते. शिबंदी, सौम्य करआकारणी, कर्तबगार प्रांताधिकारी, न्याय व आरोग्य यांची सोय करणाऱ्या इमारती यांनी ते वाढते. राजधानीपासूनचे अंतर, वाढत्या वस्तीबरोबर येणारा बकालपणा, प्रजा व राज्यकर्ते यांच्यातील धर्मभेद आणि शत्रूच्या हेरांचा वावर यांनी ते घटते. मान फार उतरले की दंगे होतात, आणि अखेरीस नगर शिबंदीस हाकलून देऊन बंडखोरांच्या हाती जाते. राजधानी हलविणे, धर्मोपदेशक पाठविणे, कर उतरविणे हे यावरील नेहमीचे उपाय होत. येथवर ही मांडणी समंजस आहे. मध्ययुगीन राजांना ज्या अडचणी भेडसावीत, त्यांपैकी बऱ्याच तिच्यात आल्या आहेत.

खरा प्रश्न निर्माण होतो तो नगर पडल्याच्या क्षणी. विजेत्यासमोर तीन पर्याय ठेवले जातात : केवळ ताबा घेणे, लूट करणे, अथवा सरसकट कत्तल करणे. लुटीत सर्वाधिक द्रव्य मिळते. परंतु सुव्यवस्थेच्या दृष्टीने कत्तलीचा पर्याय सर्वांत सोयीचा ठरतो. याचे कारण असे की, शिबंदीचा प्रभाव हा सैनिकांच्या निव्वळ संख्येवर नव्हे, तर लोकसंख्येशी असलेल्या तिच्या प्रमाणावर मोजला जातो. समजा, १२,००० वस्तीच्या नगरात ६०० सैनिक ठेवले. म्हणजे दर वीस रहिवाशांमागे एक सैनिक झाला. त्यातील ९,००० लोक मारले गेले, तर तीच शिबंदी दर पाचांमागे एक अशी होते. वस्ती घटल्यामुळे बकालपणाही कमी होतो. एकही सैनिक न वाढविता नगर शांत होते. करांचे उत्पन्न बुडते हे खरे. पण बकालपणा नाहीसा झाल्याने वस्ती पुन्हा वाढू लागते, आणि काही फेऱ्यांनंतर ते उत्पन्नही परत येते.

या कृत्याची कोठेच नोंद राहत नाही, असे मात्र नाही. कत्तल करणाऱ्या सेनापतीच्या स्वभावात क्रौर्याची भर पडते, आणि इतर राज्यांत त्याच्या राजाची पत घसरते. परंतु ज्या नगरात कत्तल झाली, त्या नगरास तिचे विस्मरण होते. सुव्यवस्थेचे मान दर फेरीस त्या वेळच्या घटकांवरून नव्याने काढले जाते. मागल्या पिढीचे दुःख हा त्यात घटक नाही. स्मृती विजेत्याजवळ राहते, जितांजवळ राहत नाही. या क्रीडेतील मुख्य वैगुण्य हेच होय.

याची पारख करण्यास क्रीडेच्या आरंभवर्षालगतचाच दाखला उपलब्ध आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. उत्तरेवर वचक बसविण्यासाठी त्याने १०६८ साली यॉर्क येथे किल्ला बांधून शिबंदी ठेवली व पुढील वर्षी दुसराही बांधला. तरीही १०६९ च्या प्रारंभी दरहॅम येथे त्याचा अधिकारी रॉबर्ट द कॉमिन सैनिकांसह मारला गेला, आणि त्याच वर्षी डेन आरमाराच्या साह्याने बंडखोरांनी यॉर्कचे दोन्ही किल्ले पाडाव केले. तेव्हा १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने उत्तरेकडील गावे, धान्य व गुरेढोरे यांचा विध्वंस करविला. त्यातून भीषण दुष्काळ ओढवला. एरवी विल्यमची प्रशंसा करणारा बखरकार ऑर्डेरिक व्हिटालिस यानेही या कृत्याचा तीव्र निषेध केला आहे.

क्रीडेच्या गणिताप्रमाणे यानंतर उत्तरेत शांतता नांदावयास हवी होती. मोठे उठाव थांबले, हे मान्य केले पाहिजे. परंतु १०८० साली दरहॅमचा बिशप व नॉर्थम्ब्रियाचा शासक वॉल्चर याची गेट्सहेड येथे जमावाने हत्या केली, आणि तो प्रदेश पुन्हा एकदा उजाड करण्याची पाळी राज्यकर्त्यांवर आली. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या पाहणीत यॉर्कशरमधील कित्येक गावे 'ओसाड' म्हणून नोंदलेली आढळतात. या शब्दाचा नेमका अर्थ काय, व प्रत्येक नोंद विध्वंसाचीच साक्ष देते काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि उत्तरेचे उत्पन्न खालावले होते, याविषयी फारशी शंका नाही. विध्वंस होऊन तेव्हा सोळा वर्षे, म्हणजे क्रीडेच्या हिशेबाने आठ फेऱ्या, लोटल्या होत्या.

विल्यमच्या धोरणाची दुसरीही बाजू होती. १०६७ च्या सुमारास त्याने लंडनच्या नागरिकांस एक छोटे आज्ञापत्र दिले. मराठी दप्तरांत ज्यास कौल म्हणत, त्याच जातीचे ते होते. राजा एडवर्डच्या काळचे कायदे चालू राहतील आणि पित्याचा वारसा पुत्रास मिळेल, असे अभय त्यात असून ते लॅटिनमध्ये नव्हे, तर प्रजेच्या इंग्रजी भाषेत लिहिले होते. बड्या इंग्रज सरदारांच्या जमिनी नॉर्मनांकडे गेल्या. पण परगण्यांची विभागणी व स्थानिक न्यायसभा यांची जुनी चौकट बहुतांशी कायम ठेवण्यात आली. वचन देणे, ते प्रजेच्या भाषेत देणे आणि जुनी वहिवाट न मोडणे, या गोष्टींना क्रीडेच्या कोष्टकात स्वतंत्र स्थान नाही. कारण वचनाचे मूल्य ते पाळल्याच्या स्मृतीवर अवलंबून असते, आणि तेथील प्रजेस स्मृतीच नाही.

यावरून ही क्रीडा टाकाऊ ठरत नाही. अंतर, शिबंदी, कर व धर्म यांचा परस्परसंबंध ती ज्या स्पष्टतेने दाखविते, तसा तो पुष्कळ पाठ्यपुस्तकांत आढळणार नाही. मात्र ती ज्याची मोजणी करते ती निष्ठा नसून निःशब्दता होय. निष्ठावान नगर आणि ओस पडलेले नगर यांचा आकडा तिच्यात सारखाच येऊ शकतो. या क्रीडेतून मध्ययुगाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास एवढा भेद उमगला, तर शांततेची नोंद करणारी कागदपत्रे वाचतानाही ती शांतता कोणत्या प्रकारची होती, हे तो विचारू लागेल.