चित्र धूसर का दिसते?

विवाह, पेढीचा शुभारंभ, आजोबांची पंचाहत्तरी अशा प्रसंगांचे चित्रीकरण हल्ली पेनड्राइव्हवर मिळते. सारे कुटुंब टीव्हीसमोर जमते. स्थिर दृश्ये स्वच्छ दिसतात, परंतु वरातीत नाचणारी मंडळी मात्र धूसर होतात. लगेच टीव्हीला दोष देऊन नव्या संचाची चौकशी सुरू होते. खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी दोष कोणाच्या खात्यावर आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

प्रथम तीच फाइल संगणकावर लावावी. तेथेही चित्र धूसर असेल, तर दोष फाइलमध्ये आहे. तेथे स्वच्छ असेल, तर बहुधा टीव्हीच्या मांडणीत आहे.

आधी टीव्हीचा विचार करू. आजचे अनेक संच दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नवी चित्रे घालतात. सॅमसंगमध्ये या सोयीला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीमध्ये ट्रूमोशन, तर सोनीमध्ये मोशनफ्लो म्हणतात. अंदाज चुकला की हलत्या हाताभोवती छाया दिसते. ही सोय बंद करून पाहावी; नॉईज रिडक्शनही बंद करावे, कारण ते बारकावे पुसते. अनेक संचांत यूएसबीसाठीची मांडणी निराळी असते. म्हणून हे बदल फाइल चालू असतानाच करावेत.

चित्र धूसर नसून हिसके देत असेल, तर कारण वेगळे. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते. हा हिशेबाचा फरक आहे, बिघाड नव्हे. मधूनच चित्र पूर्ण थांबत असेल, तर पेनड्राइव्ह मंद असण्याची शक्यता तपासावी.

आता फाइलकडे वळू. जुन्या कॅसेटवरून उतरविलेल्या चित्रणात हलत्या वस्तूंच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाची २५ चित्रे ५० अर्ध्या भागांत नोंदली जात. एका भागात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्ही भागांच्या वेळेत किंचित अंतर असल्याने या रेघा उमटतात. संगणकावरील व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस हा पर्याय निवडून खात्री करता येते. हँडब्रेक या मोफत साधनाने तशी नवी प्रत काढता येते.

विवाहाच्या चित्रणात मात्र खरे कारण बहुधा अतिसंकोच हेच असते. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. चार तासांचे चित्रण एका फाइलमध्ये कोंबले, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे २.४ मेगाबिट येतात. फुल एचडी चित्रातील नृत्याला एवढी शिदोरी पुरत नाही. त्याच चित्रणाचे एकेका तासाचे चार भाग केले, तर प्रत्येक सेकंदाला सुमारे ९.५ मेगाबिट मिळतात आणि चित्र खुलते. मात्र हे भाग मूळ चित्रणावरूनच करावे लागतात. संकोचलेल्या फाइलमधून गेलेला तपशील परत येत नाही. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेल्या प्रतीचेही तेच.

म्हणून स्टुडिओशी व्यवहार ठरवितानाच मूळ चित्रण स्वतंत्र हार्ड डिस्कवर मागून घ्यावे आणि त्याची दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी. नवी प्रत समाधानकारक निघाली तरी मूळ कॅसेट किंवा फाइल टाकून देऊ नये. टीव्ही पुन्हा विकत घेता येतो. त्या दिवशी मांडवात वावरणारी वडीलधारी माणसे पुन्हा चित्रित करता येत नाहीत.