उडीची उंची आणि तिची साधना

जबलपूरचे कमानिया गेट हे १९३९ साली शहरालगतच्या त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक होय. कमानीचा सारा भार खांबांवाटे जमिनीवर येतो. जमीन तितक्याच जोराने तिला वर रेटून धरते आणि म्हणून ती वास्तू स्थिर राहते. त्या कमानीखाली एखादा मुलगा उडी मारू लागला, तर त्यालाही वर लोटणारी शक्ती जमिनीचीच असते. फरक इतकाच की, तो क्षणभर आपल्या वजनाहून अधिक जोराने जमिनीस दाबतो. जमीनही तितक्याच जोराने त्यास उलट रेटते आणि वजनाहून अधिक असा जो रेटा, तोच त्यास वर उचलतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. उडीची उंची पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच ठरलेली असते. सुटतेवेळी वेग सेकंदास २.८ मीटर असेल, तर शरीर ४० सेंटिमीटर वर चढते. ४५ सेंटिमीटर चढण्यास २.९७ मीटरचा वेग लागतो. म्हणजे वेगात केवळ सहा टक्के भर पडली तरी उंची पाच सेंटिमीटरने वाढते. मात्र हा वेग मिळविण्यास सेकंदाचा लहानसा अंशच हाती असतो. म्हणून स्नायू बळकट असून भागत नाही. ते बळ त्वरेने प्रकट होणेही अवश्य असते.

येथे निसर्गाने एक साहाय्य दिले आहे. स्नायू व त्यांस हाडांशी जोडणारे कंडरे किंचित ताणले गेले की स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठवितात. वाचकाने स्वतः पडताळून पाहावे. भिंतीशेजारी उभे राहून हात उंचावावा व खडूने खूण करावी. मग उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर हीच उडीची उंची. या कसोटीस अमेरिकन शरीरशिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांचे नाव आहे. प्रथम गुडघे वाकवून दोन-तीन सेकंद थांबावे व मग उडी मारावी. नंतर न थांबता, झटकन वाकून उडी मारावी. बहुधा दुसरी उडी काही सेंटिमीटर उंच जाईल.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हेर्खोशान्स्की यांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. उंचवट्यावरून खाली येताच क्षणार्धात पुन्हा वर उसळण्याचा व्यायाम त्यांनी रूढ केला. परंतु तो मुरलेल्या खेळाडूंसाठी होता, हे विसरता कामा नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते आणि गुडघ्याखाली, जेथे कंडरा नडगीस चिकटतो, ती जागा वारंवार बसणाऱ्या हिसक्यांनी दुखावते. उंचीच्या लोभाने रोज शेकडो उड्या मारणारा मुलगा उडी वाढवीत नाही. गुडघे मात्र दुखावून घेतो.

म्हणून क्रम असा असावा. आधी उतरावयास शिकावे: गुडघे वाकवून, ते आत न वळविता, आवाज न करता. मग बैठकांनी पाय बळकट करावेत. जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य रीतीने हलकी वजने उचलल्यास वाढ खुंटते, या समजुतीस आधार नाही. त्यानंतर दोरीवरच्या उड्या व लंगडी. आपली लंगडी म्हणजे एका पायाने उसळण्याचा उत्तम व्यायामच होय. दोन्ही पाय आळीपाळीने वापरावे, एवढेच. जोराच्या उड्या मऊ मातीवर, आठवड्यातून दोन दिवस, प्रारंभी एका वेळी पन्नासच्या आत माराव्यात आणि उंची घटू लागताच थांबावे. गुडघ्याखाली दुखू लागल्यास उड्या बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या शेतकरी कुटुंबातील सर्वेश कुशारे याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. प्रारंभीच्या काळात मक्याचा भुसा व कापूस भरलेल्या गादीवर उतरून तो सराव करी. उंच उडीत धावेचे साहाय्य असते, तरी पायाने जमिनीस रेटण्याचा नियम तोच. २०१९ साली काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने २.२१ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या तिसाव्या वर्षी, २.२८ मीटर उडी मारून तो सहावा आला. दोन उड्यांमध्ये फरक सात सेंटिमीटरांचा आणि अंतर सहा वर्षांचे! भिंतीवरची खडूची खूण महिन्याने बोटभर वर सरकली, तरी तरुण खेळाडूने समाधान मानावे. न सरकली तर उड्या वाढविण्याऐवजी विश्रांती पुरेशी मिळते की नाही, हे प्रथम पाहावे.