गाडी स्वस्त, घडणावळ महाग!

गोठ्यामागे झाकून ठेवलेली फियाट, गोदामात धूळ खाणारी ॲम्बेसेडर. अशी एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस जळगाव-धुळ्यात अनेकांना असते. गाडी आणली की शेजारी पहिला प्रश्न टाकतो, “कितलाले लिधी?” खरा आकडा मात्र त्यानंतर सुरू होतो!

पंतप्रधानांचंही बजेट हुकलं होतं
१९६४ साली लालबहादूर शास्त्रींना फियाट घ्यायची होती. किंमत १२ हजार, खात्यात ७ हजार. उरलेले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढले. १९६६ मध्ये शास्त्रीजी गेले आणि ते कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती फियाट आजही दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात उभी आहे.

जळगावकरांना समजेल असा हिशेब
सराफाकडे सोन्याचा भाव विचारून झाला की आपण घडणावळ विचारतो. जुन्या गाडीत घडणावळ सोन्याच्या वर जाते. म्हणून बजेटचे चार कप्पे करा: खरेदी, पत्रा-रंग, इंजिन-ब्रेक-वायरिंग आणि चौथा ‘निघालंच तर’. हा चौथा कप्पा एकूण रकमेच्या पाव हिश्श्याचा ठेवा. रंग खरवडला की खाली पुट्टीच पुट्टी निघते, तेव्हा तोच वाचवतो.

जन्म कुर्ल्याचा, सुटे भागही कुर्ल्याचे
सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. आज तिचे जुने भाग शोधायचे तर पुन्हा कुर्ल्याचाच सीएसटी रोड गाठावा लागतो! ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचेही भाग मिळतात. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड दिसायला देखणी, बॉनेट तर मडगार्डांसकट पुढे उलटतं. पण पहिल्याच प्रोजेक्टला तिच्या प्रेमात पडू नका. भाग शोधण्यातच वर्ष जाईल.

पान्यांनाही देश असतो
फियाट मूळची इटलीची, तिचे नटबोल्ट मिलिमीटरचे. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिला इंची पाने लागतात. तिच्या इंजिनाचं बोअरिंगही ‘थाउ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आधीचं बोअरिंग किती साइजचं झालंय हे खरेदीआधीच विचारा. शेवटच्या साइजवर पोचलेल्या ब्लॉकला स्लीव्ह टाकावी लागते आणि खर्च वाढतो.

उन्हाचंही वेळापत्रक
आधुनिक पेंट बूथमध्ये गाडीचा रंग साधारण ६० अंशांवर भाजतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे बरीचशी उष्णता फुकट! पण उघड्या उन्हात गन चालवलीत तर थिनर झटकन उडतो आणि रंग खरबरीत बसतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. तेव्हा पत्राकाम हिवाळ्यात, रंग उन्हाळ्यात सकाळी शेडखाली आणि इंजिन पावसाळ्यात. शिवाय आपली कोरडी हवा पत्र्याला मानवते. समुद्रकाठच्या गाडीपेक्षा खान्देशात वाढलेली गाडी कमी गंजते. रबराचं बीडिंग मात्र उन्हात तडकतं, त्याचा खर्च धरूनच चाला.

धुळ्याचा हायवे कामी येतो
मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर, तिन्ही रस्ते धुळ्यात मिळतात. त्यामुळे ट्रकची कामं करणारे हात इथे चिक्कार. फियाट आणि ॲम्बेसेडर, दोघींनाही मागे ट्रकसारखे लीफ स्प्रिंगचे पाटेच असतात! पाटे, रेडिएटर, लेथकाम इथेच उरकतं. मजुरी मात्र एकदम देऊ नका. काम पाहून टप्प्याटप्प्याने द्या.

पन्नाशीचा मान
२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं मिरवता येतात. १९७४ च्या पद्मिनीने २०२४ मध्येच पन्नाशी गाठली. अटी दोन: चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, आणि गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. कोणी फियाटला डिझेल इंजिन बसवलं असेल तर हा मान विसरा.

आधी आरसी, मग चावी
गाडी धुळ्याची एमएच-१८ असो की जळगावची एमएच-१९, आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि कधीकाळच्या कर्जाचा बोजा उतरवायला ३५. वीस वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये झालंय; पर्यावरण कर वेगळा. बिनकागदाची गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

पेट्रोलही बदललंय
आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं ई-२० मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खातं. पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटरची किट आणि टाकीची सफाई यादीत वरच लिहा. सीट कव्हर थांबू शकतं. गळका पाइप थांबत नाही, पेटतो.

परीक्षा घाटात
पहिली फेरी लळिंग घाटापर्यंत. पास झालात, तर चाळीसगावहून कन्नड घाट. चढताना रेडिएटरची लायकी कळते, उतरताना ब्रेकची. खिशात टोचनचे पैसे ठेवूनच निघा. वाचले तर परतीला ढाब्यावर झणझणीत शेवभाजी!