पाण्याची फोड

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, मिऱ्याकडचा पांढरा आणि मांडवीचा काळा. पाणी एकच, नावं वाळूवरून पडलेली. मांडवीच्या वाळूत लोहचुंबक फिरवलात, तर काळे कण दाढीसारखे त्याला लटकतात. सह्याद्रीचा काळा पाषाण ऊनपावसात झिजतो, नद्या त्याचा चुरा खाली आणतात आणि लाटा हलकी रेती पाखडून जड कण मागे ठेवतात. चुंबकाला चिकटतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. त्याच्या सोबतीला असतं इल्मेनाइट. मिऱ्या आणि काळबादेवीच्या उपसागरांतले त्याचे साठे भूवैज्ञानिकांनी अभ्यासले आहेत.

शुद्ध इल्मेनाइटचं निम्म्याहून जास्त वजन टायटॅनियम डायऑक्साइडचं असतं. त्यातलं लोखंड काढून टाकलं की उरते पांढरीशुभ्र पूड. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देणारी ती हीच! आणि हीच पूड उन्हात पाणी फोडू शकते.

१९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक, तारेने त्याला जोडलेला प्लॅटिनम. बॅटरी नाही. स्फटिकावर प्रखर प्रकाश पडला आणि तिथे ऑक्सिजन सुटू लागला, प्लॅटिनमवर हायड्रोजन!

हे घडतं कसं? टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक, आणि अर्धवाहक म्हणजे जणू कोकणातलं घर. इलेक्ट्रॉन माजघरात दाटीने बसलेले, वरचा माळा मोकळा, मध्ये शिडी नाही. प्रकाशाचा कण येतो आणि एकाला थेट माळ्यावर उडवतो. वर गेलेले इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन सोडवतात. खाली पडलेल्या रिकाम्या जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तेव्हा ऑक्सिजन सुटतो. नऊ किलो पाण्यातून एक किलो हायड्रोजन, आठ किलो ऑक्सिजन.

पण हा माळा फार उंच आहे. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, तर इथली उडी तीनहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्टची. ती साधते अतिनील किरणांना, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. शिवाय उडालेले बरेच इलेक्ट्रॉन काम न करताच खाली घसरतात. २०२१ मध्ये शास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटनेट हा दुसरा अर्धवाहक वापरून १०० चौरस मीटरची मांडणी उघड्यावर चालवून दाखवली. तिथेही उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जाच हायड्रोजनमध्ये उतरली. म्हणून आता शोध आहे तो ठेंगण्या माळ्याच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडावर चालणाऱ्या आणि पाण्यात टिकणाऱ्या पदार्थांचा.

दिसणाऱ्या उजेडावर पाणी फोडणारा एक कारागीर मात्र मांडवीहून दूर नाही. आंब्याचं पान मॅंगनीजच्या चार अणूंच्या जोरावर हेच करतं. ऑक्सिजन आपल्याला देतं, हायड्रोजन साखरेत बांधून ठेवतं. हापूसची फोड तोंडात टाकाल, तेव्हा तिच्या गोडीमागे पाण्याचीही एक फोड आहे, हे आठवा.